शेजारच्या वन्यजीवांची नोंदवही: गोव्यातल्या शहरी निसर्गाची अभ्यासकांना उपयोगी पडणारी नोंद कशी ठेवावी

वन्यजीवाच्या नोंदीत चार गोष्टी लागतात: काय दिसले, कुठे, केव्हा आणि कुणाला. पाचवी गोष्ट बहुतेकजण लिहायची विसरतात, ती म्हणजे शोधायला किती वेळ घातला. ‘मिरामारला ब्राह्मणी घार दिसली’ एवढीच नोंद असेल तर तिच्यावरून फार काही ठरवता येत नाही. पण सकाळी ७ ते ७.३० एका जागी उभे राहून दिसले-ऐकले ते सगळे पक्षी मोजले, त्यात ब्राह्मणी घारी ३, साध्या घारी ११ आणि चिमणी एकही नाही, असे लिहिले तर दहा वर्षांनी त्याच जागी उभा राहणारा माणूस आपली मोजणी तुमच्या मोजणीशेजारी मांडू शकतो. न दिसलेल्या चिमणीला अर्थ येतो तो त्या अर्ध्या तासामुळे.

म्हणून या लेखात दुर्मीळ प्राणी कसे गाठावेत हे सांगितलेले नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को, पर्वरी अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने घरापासून चालत जाता येईल एवढ्या टापूत नियमाने, इतरांना विश्वास ठेवता येईल अशी नोंद कशी ठेवायची, हे सांगितले आहे.

आधी जागा ठरवा

एक तुकडा निवडा: आल्तिनोची टेकडी, सांतिनेज खाडीचा एखादा काठ, पर्वरीच्या सड्याचा (जांभ्या कातळाच्या पठाराचा) उरलेला भाग, किंवा आपल्या सोसायटीचे आवार आणि मागचे शेत. दोन ते पाच हेक्टरची जागा एका माणसाला पुरे. नकाशावर तिची हद्द आखा आणि ती वर्षभर बदलू नका. पलीकडच्या तळ्यावर बदके उतरली की पाय तिकडे वळतात. तिकडे जरूर जावे, पण ती यादी वेगळी ठेवावी.

जागा निवडताना एकच कसोटी लावा: भर जुलैत, पाऊस थांबलेल्या तासाभरात, कंटाळा आला असतानाही तिथे जाणे होईल का? होणार नसेल तर आणखी जवळची जागा घ्या. करमळीचे तळे किंवा चोडणचे डॉ. सलीम अली अभयारण्य सुंदर आहे, पण तिथे आधीच बरेच लोक जाऊन मोजतात. तुमच्या गल्लीची नोंद बहुधा कुणीच करत नाही. त्या गल्लीची पुढच्या पाच वर्षांत काय गत होईल हे गोव्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग एक साधा प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ, खाडीकाठी काँक्रीट पडल्यावर खंड्यांच्या किती जाती उरतात? पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी बेडूक ओरडू लागतात? रस्त्याच्या या एक किलोमीटरवर कोण चिरडले जाते? प्रश्न असला की काय लिहायचे आणि काय सोडायचे हे आपोआप ठरते.

सामान

चांगला कॅमेरा नसला तरी चालते. फोन, पाण्यात न फिसकटणारी शिसपेन्सिल, पुठ्ठ्याच्या पाठीची छोटी वही, सहा इंची पट्टी, विजेरी, आणि पावसात फोन ठेवायला झिपची पिशवी एवढ्यावर सुरुवात होते. पुढे पैसे खर्च करायचे झाले तर आधी दुर्बीण घ्या, ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची). १०×५० जड असते, हात हलला की चित्रही हलते आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर उभ्या उभ्या तासभर धरवत नाही. फोनच्या कॅमेऱ्यावर लावायचे क्लिपचे मॅक्रो भिंग स्वस्त मिळते आणि कोळी-पतंगांसाठी फार कामाला येते. फक्त किड्याच्या दोन-तीन सेंटिमीटर जवळ जावे लागते, त्यामुळे हालचाल हळू हवी आणि आपली सावली किड्यावर पडता कामा नये.

पावसाळ्यात गमबूट हवेतच. साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि पायाला ओरखडा असेल तर तो वाढतो.

फोन आणि ॲप

पक्ष्यांसाठी ई-बर्ड, बाकी सगळ्यांसाठी आयनॅचरलिस्ट, अशी वाटणी सोयीची पडते. पक्ष्याचा फोटो आयनॅचरलिस्टवर टाकायला हरकत नाही, पण मोजणी ई-बर्डवरच करा, कारण वेळ, अंतर आणि ‘मी ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले’ हे जाहीर करण्याची सोय तिथे पहिल्यापासून आहे. ई-बर्डवर पक्ष्यांची नावे मराठीतही दिसतात, सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदला. फुलपाखरे आणि वनस्पतींसाठी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल हाही चांगला पर्याय आहे. पण एकच नोंद तीन ठिकाणी टाकू नका. पुढे सगळी माहिती एकत्र होते तेव्हा एकाच फुलपाखराची तीन फुलपाखरे होतात.

पहिल्या दिवशीच हे उरकून घ्या:

१. कॅमेऱ्याला ‘अचूक ठिकाण’ वापरायची परवानगी द्या. बाहेर पडल्यावर अर्धा मिनिट नकाशा उघडून ठेवा, म्हणजे जीपीएस स्थिरावते. न स्थिरावलेला फोन इमारतींच्या गर्दीत शंभर-दोनशे मीटर चुकू शकतो, आणि पणजीत तेवढ्या अंतरात तुमची खार खाडीत पोहायला लागते.

२. आयनॅचरलिस्टच्या प्रोफाइलमध्ये भारतीय वेळ निवडा. नाहीतर रात्रीच्या नोंदींची तारीख इकडची तिकडे होते.

३. परवाना तपासा. आयनॅचरलिस्टचा ठरलेला परवाना बिगरव्यावसायिक वापराची मोकळीक देतो आणि त्यावर नोंदी जीबीआयएफ या जागतिक संग्रहात जातात. ‘सर्व हक्क राखीव’ निवडले तर नोंद तिथे पोहोचत नाही.

४. वेगळा कॅमेरा असेल तर दर फेरीच्या सुरुवातीला फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढा. कॅमेऱ्याचे घड्याळ मागेपुढे असेल तर घरी आल्यावर फरक काढून सगळ्या वेळा दुरुस्त करता येतात.

नवशिक्यांच्या नोंदी सर्वात जास्त वाया जातात त्या व्हॉट्सॲपमुळे. व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोतून काढल्याची वेळ आणि ठिकाण निघून जाते. मित्राने पाठवलेला साप तुमच्या खात्यावर टाकला की ॲप आजची तारीख आणि तुमच्या घराचे ठिकाण धरून बसते. मित्राला स्वतःच्या खात्यावर टाकायला सांगा. ते जमत नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, त्यात माहिती टिकते.

ओळखता येईल असा फोटो

फोटो देखणा नसला तरी चालेल, ओळख ज्या खुणेवर ठरते ती त्यात दिसली पाहिजे. प्रत्येक गटाची खूण वेगळी.

फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू हव्यात, मिटलेले पंख खालून आणि उघडलेले वरून. पिवळ्या गवती फुलपाखरांच्या जाती तर खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरच ठरतात. नक्कल करणाऱ्यांपासून जपा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. त्याची नक्कल करणाऱ्या डॅनेड एगफ्लायच्या मादीला तिथे असे ठिपके नसतात, कडेजवळ एकच काळा डाग असतो. दोन्ही गोव्यातल्या बागांत दिसतात.

चतुराचा एक फोटो बाजूने, एक वरून, आणि शेपटीच्या टोकाचा जवळून घ्या. कोळ्याचा वरून, समोरून डोळ्यांचा, आणि जाळे असेल तर जाळ्याचाही. झाडाचे एकच पान काढून भागत नाही: पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाची पाठ, साल, फूल, फळ आणि अख्खे झाड, सगळे हवे. पालीचा वरून काढलेला फोटो बहुतेक वेळा ‘हेमिडॅक्टिलस’ या प्रजातीपाशीच (जीनस, म्हणजे अनेक जवळच्या जातींचा गट) अडतो. पाल खिडकीच्या काचेवर असेल तर आतून तिच्या बोटांखालच्या पट्ट्या आणि हनुवटी टिपून घ्या, ती संधी रोज येत नाही.

सापाचा फोटो तीन मीटरवरून झूम करून घ्यायचा, त्याहून जवळ जायचे नाही. शहरात सर्वात जास्त गोंधळ होतो तो कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्याचे पांढरट पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे पट्टे बरेचदा जोडीने येतात, मानेपाशी पुसट किंवा नाहीसेच असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळही असते. ही माहिती घरी बसून फोटो ओळखण्यासाठी आहे. समोर साप असताना तो कोणता हे ठरवत बसू नका, मागे सरका. दंश झालाच तर १०८.

पुरावा फक्त प्राण्याचाच असतो असे नाही. विष्ठा, पाऊलखुणा, कात, पीस, अर्धवट खाल्लेले फळ, हे सगळे नोंदवता येते, शेजारी पट्टी ठेवून आणि वरून काटकोनात फोटो काढून. कठड्यावर किंवा कुंपणाच्या भिंतीवर भेरलीमाडाच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली तर उदमांजर, म्हणजे आपला कांडेचोर, तिथून जाते असे समजायला जागा आहे. खाडीकाठी माशांचे खवले आणि खेकड्यांचे कवच भरलेली, उग्र वासाची विष्ठा एकाच उंचवट्यावर पुन्हा पुन्हा दिसली तर पाणमांजरांची जागा असू शकते. अशी जागा कुणाला सांगू नका. त्याचे कारण पुढे येईल.

एका नोंदीत एकच जीव, आणि त्याच भेटीतला. एका नोंदीत चार फोटो म्हणजे एका बेडकाचे चार फोटो, चार वेगवेगळे बेडूक नव्हेत. लावलेला गुलमोहर, कुंडीतली तुळस, पिंजऱ्यातला पोपट यांच्यावर ‘कॅप्टिव्ह/कल्टिव्हेटेड’ची खूण करा. लावलेल्या माडाला रानटी म्हणून नोंदवले तर वनस्पतींचे नकाशे बिघडतात.

मोजणीच्या चार पद्धती

पक्षी. एका जागी उभे राहून किमान १५ मिनिटे मोजा. चालत मोजायचे तर एक तास, दीड-दोन किलोमीटर. त्याहून लांबली तर यादी तोडा आणि नवी सुरू करा. त्याच वाटेने परत आलात तर अंतर एका बाजूचेच धरायचे. प्रत्येक जातीपुढे आकडा लिहा, अंदाजे असला तरी. कावळे ‘खूप’ हे उत्तर कुणाच्याच कामाचे नाही, ४० लिहा. मोठा थवा असेल तर दहाचा गट डोळ्यांनी धरा आणि असे किती गट मावतात ते बघा. मर्लिन ॲप आवाजावरून नावे सुचवते ती नुसती सूचना समजा. स्वतः ऐकून पटल्याशिवाय ते नाव यादीत घेऊ नका. कुटुर्ग्याच्या आणि तांबटाच्या आवाजांची गल्लत करून घेतली की पुढच्या सगळ्या याद्या वाकड्या जातात.

फुलपाखरे. ब्रिटिश अभ्यासक अर्नेस्ट पोलार्डने १९७७ मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. ३०० ते ५०० मीटरची एक वाट ठरवा. संथ, एकसारख्या चालीने चाला आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, समोर आणि वर पाच मीटर, एवढ्या काल्पनिक खोक्यात आलेलीच फुलपाखरे मोजा. खोक्याबाहेर कितीही सुंदर काही उडाले तरी ते त्या मोजणीत येत नाही. गोव्यात सकाळी ९ ते १२, ऊन पडलेले, वारा कमी, आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात चार आठवडे काहीच जमणार नाही. त्या आठवड्यांच्या रकान्यात ‘पाऊस, फेरी नाही’ लिहा. तिथे शून्य लिहू नका. शून्याचा अर्थ फेरी केली आणि फुलपाखरू दिसले नाही असा होतो.

बेडूक. काळोख पडल्यावर अर्ध्या तासाने ठरलेल्या जागी उभे राहा, एक मिनिट स्तब्ध, मग पाच मिनिटे ऐका. प्रत्येक जातीला ० ते ३ गुण द्या: ० म्हणजे आवाज नाही, १ म्हणजे एकेक बेडूक मोजता येतो, २ म्हणजे आवाज एकमेकांवर चढतात पण वेगळे कळतात, ३ म्हणजे अखंड गजर. जोडीला फोनवर एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण करा. फोनची ‘आवाज स्वच्छ करा’ किंवा ‘नॉइज रिडक्शन’ ही सोय आधी बंद करा. माणसाचे बोलणे सोडून बाकी सगळे कापायचे हेच तिचे काम, त्यामुळे झुडपी बेडकाची टिकटिक ती साफ गिळून टाकते.

रस्ता. ठरलेला एक किलोमीटर, सकाळी ६.३० च्या आत, कारण त्यानंतर कावळे, घारी आणि कुत्री रस्ता साफ करून टाकतात. परावर्तित पट्ट्यांचे जाकीट घाला, दुचाकी पूर्ण रस्त्याबाहेर लावा. फोटो पट्टीसकट घ्या, दोन्ही बाजूंना काय आहे ते लिहा (शेत, भिंत, खारफुटी, नाला), आणि आयनॅचरलिस्टवर ‘मृत’ची खूण करा. मेलेल्या प्राण्याला हात लावू नका. मेलेले माकड दिसले तर जवळही जाऊ नका, वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा रोग गोचिडांमार्फत पसरतो. शहरात धोका कमी असला तरी नियम तोच.

रात्रीचा पडदा

पतंगांची नोंद घरच्या बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) किंवा गच्चीवर बसून होते आणि मेहनतीच्या मानाने सर्वात जास्त जाती तिथेच मिळतात. पांढरी सुती चादर दोरीवर ताणून बांधा, खालचा फूटभर भाग जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच पतंग खालीच बसतात. समोर फूटभर अंतरावर दिवा लावा. घरातल्या साध्या एलईडीत अतिनील (यूव्ही) किरण जवळपास नसतात, म्हणून त्यावर पतंग कमी येतात. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची यूव्ही एलईडी पट्टी पॉवर बँकेवर चालते. गच्चीवर वायर ओढून दिवा लावण्यापेक्षा ते सुरक्षित, विशेषतः ओलाव्यात. तिच्याकडे एकटक बघू नका.

अमावस्येच्या आगेमागची, ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र उत्तम. साडेसात ते साडेदहा एवढा वेळ पुरतो. दर अर्ध्या तासाने चादरीचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. राष्ट्रीय पतंग सप्ताह जुलैच्या अखेरीस असतो आणि त्या दिवसांत गोव्यात चादर लावणे म्हणजे बहुधा ती धुऊन काढणे. इथे पावसाची पहिली सर पडून गेल्यानंतरचे आणि ऑक्टोबरचे दिवस जास्त देतात.

संपल्यावर दिवा बंद करा, चादर झुडपावर हलकेच झटका आणि घडी करून आत न्या. चादर सकाळपर्यंत टांगून ठेवली तर दयाळ आणि बुलबुल येऊन सगळे पतंग फस्त करतात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच वाट बघत बसतात.

ट्रॅप कॅमेरा लावायचाच असेल तर

प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा हा कॅमेरा स्वतःच्या आवारात लावा. दुसऱ्याच्या भाटात (बागायतीत) मालकाच्या परवानगीने. अभयारण्यात वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. मुंगूस आणि उदमांजरासाठी जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटर उंची, वाटेपासून दोन-तीन मीटर दूर, तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन भिंगात शिरत नाही. समोरचे गवत कापा. हा कॅमेरा उष्णतेतला फरक हलताना दिसला की चालू होतो. तापलेले पान वाऱ्याने हलले तरी तो फसतो आणि रात्रभरात हजार फोटो गवताचे निघतात. मे महिन्यात दुपारी हवाच प्राण्याच्या अंगाइतकी तापते, तेव्हा समोरून गेलेले मुंगूसही त्याला कळत नाही. एका वेळी तीन फोटोंचा झपाटा निवडा. बॅटऱ्या बदलल्यावर वर्ष आणि सकाळ-संध्याकाळ तपासा, बरेचदा घड्याळ मूळ तारखेवर परत गेलेले असते. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, कडेने मुंग्या शिरत नाहीत ना यावर नजर ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे फोटो आले तर लगेच पुसून टाका.

खाडी, सडा, किनारा

पाटो-रायबंदर रस्ता, म्हणजे सतराव्या शतकातला पोर्तुगीज बांध, खारफुटी आणि मिठागरांना लागून जातो. तिथे ऑक्टोबर ते मार्चमध्ये स्थलांतरित चिखलपक्षी मोजता येतात. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. पूर्ण भरतीला पक्षी बांधावर किंवा मिठागरात एकवटतात तेव्हा मोजणी सोपी. ओहोटीला ते चिखलभर पसरतात तेव्हा ओळख सोपी. दोन्ही मिसळू नका, यादीच्या शेऱ्यात ‘भरती’ की ‘ओहोटी’ लिहा. रस्ता अरुंद आहे, वाहने वेगात असतात, म्हणून थांबायची जागा आधी बघून ठेवा. निवटी (चिखलावर सरकणारे मासे) आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे काठावरूनच टिपता येतात, दहा मिनिटे न हलता उभे राहिले की ते बिळातून बाहेर येतात. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्याच्या कडेला उतरून फोटो काढू नये. ज्या गावांत खाजनाकाठी मातीची मगर करून पुजण्याची मानगेथापणी होते, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मगरींच्या जागा विचारा आणि त्यांचे सांगणे ‘ऐकीव’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.

सड्याची खरी नोंद पावसाळ्यात होते. कातळावरच्या उथळ पाण्यात जून ते सप्टेंबर या काळात दर दोन आठवड्यांनी फुले बदलतात, म्हणून त्याच चौरस मीटरचा फोटो दर पंधरवड्याला त्याच बाजूने घ्या. चारी कोपऱ्यांना खूण म्हणून लहान दगड ठेवा. तिथले सुटे चिरे मात्र उलटू नका. सड्यावर फुरसे हा विषारी साप असतो आणि तो दगडाखालीच बसतो.

खडकाळ किनाऱ्यासाठी (हणजुणे, दोना पावला) उधाणाची ओहोटी बघा, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागची. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत खडक पुरेसे उघडे पडत नाहीत. ओहोटीच्या वेळेआधी दीड तास पोहोचा आणि पाणी फिरले की परत या. दगड उचललाच तर बघून तसाच, त्याच बाजूला ठेवा. पालथा राहिला तर खालचे जीव उन्हात मरतात आणि वरचे अंधारात.

ओळख पटवणे

नाव माहीत नसेल तर जेवढे खात्रीने माहीत आहे तेवढेच लिहा: ‘बेडूक’, ‘चतुर’, ‘कोळी’. ॲप सुचवते ते पहिले नाव डोळे मिटून घेऊ नका. त्याची शिकवण जिथून जास्त फोटो आले तिथली असते, आणि कधीकधी ते अमेरिकेतला पतंग म्हापशात आणून बसवते. सुचवलेल्या जातीचा नकाशा उघडा. ती भारतात नसेल तर एक पायरी वर, प्रजातीवर किंवा कुळावर या.

तारीख, ठिकाण, फोटो किंवा आवाज असलेल्या रानटी जीवाच्या नोंदीवर किमान दोन जणांनी नाव दिले आणि दोनतृतीयांशाहून अधिकांचे जातीपर्यंत एकमत झाले की आयनॅचरलिस्टवर तिला ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी असा दर्जा, मिळतो. म्हणूनच कुणी नाव सुचवले की ‘धन्यवाद’ म्हणून लगेच सहमतीचे बटण दाबणे वाईट. तुम्हाला स्वतःला खूण पटली नसेल तर दुसरे मत तुमचे नाही. अशा सौजन्यातून चुकीच्या नोंदी पक्क्या होतात. आणि काही जीव फोटोवरून जातीपर्यंत जातच नाहीत. गोव्याच्या नावावरून ‘मिनर्वार्या गोएमची’ हे नाव मिळालेल्या बेडकाच्या भाईबंदांचेच बघा. शेतातले हे तपकिरी बेडूक एकमेकांसारखे इतके दिसतात की ‘मिनर्वार्या’ एवढेच लिहून थांबणे प्रामाणिकपणाचे. ‘नीड्स आयडी’मध्ये, म्हणजे ओळख पक्की व्हायची राहिलेल्यांत, अडकलेली नोंदही उपयोगी असते.

ई-बर्डवर एखाद्या आकड्याबद्दल पुनरावलोकन करणाऱ्याची ईमेल आली तर रागावू नका. काय दिसले, किती अंतरावरून, कोणती खूण, एवढे लिहून पाठवा. आठवत नसेल तर ती जात यादीतून काढा.

काय झाकायचे

पहिल्या पावसात पाणथळ शेतात लिंबासारखे पिवळे झालेले मोठे बेडूक ओरडतात आणि त्याच रात्री ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, पोत्यांनी पकडणारेही फिरतात. या बेडकाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे, तरीही हे चालते. तेव्हा अशा शेताचे ठिकाण उघडे टाकणे म्हणजे पोतेवाल्यांना पत्ता देणे. पाणमांजरांची जागा, घुबडाचे घरटे, धनेशाची ढोली, ऑर्किडचे झाड, खवले मांजर, कासवाचे घर, यांनाही हाच नियम.

आयनॅचरलिस्टवर अशा नोंदीला ‘ऑब्स्क्युअर्ड’ करा. मग ती ०.२ अंश बाजूच्या चौकोनात कुठेही दिसते. गोव्यात तो चौकोन सुमारे २२ बाय २१ किलोमीटरचा, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या अख्ख्या राज्याचा जवळपास आठवा हिस्सा. प्राणी सुरक्षित राहतो, पण त्या नोंदीचा स्थानिक उपयोग संपतो. म्हणून खरे अक्षांश-रेखांश स्वतःच्या तक्त्यात पाच दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवा. पाच स्थळे म्हणजे साधारण एक मीटर, तीन म्हणजे शंभर मीटर. ठिकाण झाकून वर्णनात ‘आमच्या देवळामागच्या वडावर’ असे लिहिले तर झाकण्याला काही अर्थ उरत नाही. ही चूक फार होते.

आवाज लावून पक्षी बोलावणे, घरट्याजवळची फांदी बाजूला करणे, बेडकाच्या तोंडावर फ्लॅश मारत राहणे, फोटोसाठी सापाला काठी लावणे, यातले काहीही करू नये. जीव पकडणे, कोष किंवा घरटे घरी आणणे हे बरेचदा कायद्यानेही गुन्हा ठरते. दाबोळीच्या नौदल तळाच्या आसपास आणि बंदराच्या हद्दीत दुर्बीण-कॅमेरा काढू नका, ड्रोन तर नकोच. रात्री दोघांनी जावे आणि शेजारच्या घरात आधी सांगून ठेवावे. विजेरी घेऊन कुंपणाशी वाकलेल्या माणसाबद्दल वाड्यावर काय तर्क होतात ते सांगायला नको.

नोंदी कामाला लावणे

दर तीन महिन्यांनी आयनॅचरलिस्टच्या संकेतस्थळावरून आणि ई-बर्डच्या ‘माझी माहिती डाउनलोड करा’ या सोयीतून सगळे काढून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. फोन खाडीत पडतो. ॲपमध्ये अजून न चढवलेल्या नोंदी त्याच्याबरोबर जातात, म्हणून त्याच रात्री चढवा.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक पंचायत आणि पालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. वर्षभराच्या याद्या, जागेचा नकाशा आणि स्थानिक नावे घेऊन त्या समितीकडे जा. इंग्रजी नावांचा तक्ता नेला तर तो फाइलीत जाईल. शेजारी ‘कोलो’, ‘खंड्या’, ‘टिटवी’, ‘निवटी’ असे लिहिलेले असेल तर समितीतल्या शेतकऱ्याला बोलायला विषय मिळतो आणि तुमच्या यादीतल्या दोन चुकाही तोच दाखवतो. आक्षेप किंवा हरकत घ्यायची वेळ आली, उदाहरणार्थ १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाडे तोडण्याच्या अर्जावर, तर ‘इथे खूप पक्षी येतात’ असे लिहू नका. तारखांसह फेऱ्यांची संख्या, प्रत्येक फेरीचा वेळ, घरटी दिसलेल्या झाडांचे क्रमांक आणि मूळ नोंदींचे दुवे जोडा. त्या तक्त्यात काहीच न दिसलेल्या फेऱ्याही ठेवा, समोरच्याने विचारण्याआधीच.